चिमूटभर खार

भिमाजीच्या पायांना सूज आहे हे सारजाबाईला कळलं ते त्याच्या बुटांवरून. तो दौंड जंक्शनवर पॉइंटमन होता, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचा. रेल्वेचे जाड बूट घालून दिवसभर रुळांमधून हिंडायचा. एका संध्याकाळी घरी आला तर बूट निघेचनात. उंबऱ्यात बसून दोघांनी मिळून ते ओढून काढले. सारजाबाईने त्याच्या नडगीवर अंगठा दाबला, तर तिथे खळगा पडला आणि बराच वेळ भरून आला नाही.

लहानपणी भिमाजीला सांधे धरणारा ताप आला होता. त्या तापाने काळजाची एक झडप आखडली आणि आता चाळिशीच्या अलीकडे तिने कुरकूर सुरू केली, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. त्यांनी लघवी साफ व्हायची गोळी दिली, ओझं उचलू नका म्हणाले, आणि शेवटी सांगितलं, "मीठ बंद."

मीठ बंद म्हणजे सारजाबाईचा उजवा हात बांधल्यासारखंच झालं. तिच्या हाताची चव सगळ्या वस्तीला ठाऊक होती. जयंतीच्या जेवणाची आमटी दरसाल तिच्याकडेच असायची. "भाषण मास्तरचं आन् आमटी सारजाची" असं लोक म्हणत. पण नवऱ्याच्या जिवापुढे चवीचं काय घेऊन बसता? तिने मिठाची बरणी उचलून शेजारच्या गिताबाईकडे नेऊन ठेवली. दोन्ही पोरी कुरकुरल्या, तर म्हणाली, "बापाला न्हाई तर आपल्याला बी न्हाई." स्वतः तीच अळणी भाकरी, तीच अळणी आमटी खाऊ लागली. लोणच्याची बरणी गेली, पापड गेले, सुकट तर घरात येईनाशीच झाली.

आणि तरी सूज उतरेना.

भिमाजीची वहिनी सोजराबाई शिरूरला राहायची. भिमाजीची आई गेली तेव्हा तो रांगत होता. नवी नवरी म्हणून आलेल्या सोजराबाईने त्याला कडेवर घेतला तो जवळजवळ मिसरूड फुटेपर्यंत उतरवला नाही. तिला स्वतःला मूल झालंच नाही. थोरला भाऊ संपत शाळेत शिपाई होता. तो वारल्यावर त्याच्या जागी सोजराबाई लागली. घंटा द्यायची, पाणी भरायचं, वर्ग झाडायचे. बाई ताठ होती, कमी बोलायची. सारजाबाईला बघायला तीच आली होती आणि पसंतही तिनेच केली होती.

दिराची सूज कळल्यावर ती दौंडला आली. दोन दिवस राहिली. चुलीपाशी बसून सारजाबाईचा स्वयंपाक बघत होती, बोलली काही नाही. निघताना म्हणाली, "भिमाला मी घेऊन जाते. शिरूरला एक डाक्टर हाईत, काळजाचं चांगलं बघत्यात. रजा हायच त्याची."

सारजाबाईला ते बरं वाटलं नाही, पण नाही कसं म्हणणार? भिमाजी गेला. महिन्याभराने परत आला तो हडकलेला, पण मोकळा. चेहऱ्यावरची सूज गेलेली, बूट आपसूक पायात शिरले. सारजाबाईने मनोमन बुद्धाला वंदन केलं, वस्तीत साखर वाटली. आणि पंधरवडा उलटला नाही तोच सूज परत आली.

मग ते तसंच चालू झालं. दौंडला आला की फुगायचा, शिरूरला गेला की उतरायचा. वस्तीतल्या बाया आधी हळूच आणि मग उघड बोलायला लागल्या. "काय बी म्हण सारजा, जावंच्या हाताला गुण हाय." गिताबाई तर एकदा म्हणाली, "तुज्या चुलीचंच कायतरी बिनसलंय बघ." गिताबाई चेष्टेत म्हणाली होती. पण ते वाक्य सारजाबाईच्या काळजात काट्यासारखं मोडून राहिलं.

त्यात भिमाजीची जीभ. तो भोळा माणूस. जेवायला बसला की शिरूरच्या गोष्टी. "वैनी कैरी भाजून तिचा गर लावती भाकरीला, मीठ न्हाई का काय न्हाई, पर काय लागतंय म्हनून सांगू." "वैनी लसूण राखंत भाजती." "वैनी धनं जिरं भाजून वाटती, वरनं लिंबू पिळती." सारजाबाई भाकरी थापता थापता ऐकायची. पिठाच्या गोळ्यावर तिचा हात जरा जोरात पडायचा. तिनेही कैरी भाजून पाहिली. भिमाजी म्हणाला, "झाक हाय. पर वैनी जरा जास्ती भाजती."

तेव्हापासून तिला सोजराबाईचं सगळंच खुपू लागलं. भिमाजीच्या सदऱ्याला तिने लावलेलं बटण दिसलं तरी खुपायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन पोरी झाल्या, आणि दुखलं-खुपलं की माणसाने वहिनीच्या दारात जावं? आपण बायको आहोत की दौंडची खाणावळवाली? रात्री पोरी झोपल्यावर ती अंथरुणात पडून विचार करायची, आणि विचार एकाच जागी येऊन थांबायचा: ती बाई काहीतरी करते, आणि मला सांगत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडी भिमाजी पुन्हा शिरूरला गेला. सारजाबाईने पोरींना गिताबाईच्या हवाली केलं आणि न्हावऱ्यावरून जाणारी एस.टी. धरली. नवऱ्याला बघायला जाते म्हणाली. खरं तर ती सोजराबाईची चूल बघायला निघाली होती.

पोचली तेव्हा दुपार होती. भिमाजी ओट्यावर सावलीत बसला होता, पाय मोकळे सोडून, आणि आत चुलीपाशी बसलेल्या सोजराबाईशी मोठमोठ्याने बोलत होता. कशावरून तरी हसत होता. तसा हसताना सारजाबाईने त्याला दौंडला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. तिला पाहून तो थांबला. "तू कशी काय?" म्हणाला. बस्स, एवढंच, पण तिला वाटलं, आपण परक्याच्या घरी न सांगता आलो.

"ये, जयभीम," सोजराबाई आतून म्हणाली. "दमून आली आसशील. बस, मी करते."

पण ती कशाला हात लावू देईना. सारजाबाई भाजी चिरायला बसली तर "ऱ्हाऊ दे", पीठ मळायला गेली तर "ऱ्हाऊ दे". पाहुणीसारखी ती भिंतीला टेकून बसली आणि जावेच्या हातांकडे एकटक बघत राहिली. काहीच नव्हतं. तुरीची डाळ, हळद, भाजलेला लसूण, कोथिंबीर, लिंबू. मंत्र नाही, औषध नाही, पुडी नाही. शिरूरच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजत होती. आपण करतो तेच ही करते. मग हिच्या हातून उतार आणि माझ्या हातून चढ, असं का? तिचा संताप वाढत गेला.

दुसऱ्या दिवशी सोजराबाई शाळेत गेली होती. भिमाजी आंघोळीला बसला होता. चुलीवर सोजराबाईने जाताना चढवलेली आमटी रटरटत होती. कोनाड्यात सोजराबाईच्या स्वतःपुरत्या मिठाचं गाडगं होतं. सारजाबाई उठली. तिने काय करायचं ठरवलं होतं, असं नाही. एवढंच मनात आलं की एकदा, फक्त एकदा, इथेही याचे पाय सुजावेत. मग बोलतील का लोक, की हिच्या हाताला गुण आहे म्हणून? तिने गाडग्यात हात घातला आणि चिमटीत नव्हे, मुठीत आलं तेवढं मीठ आमटीत सोडलं. पळीने ढवळलं. मग गाडगं होतं तसं सरकवून ठेवलं.

भिमाजी जेवायला बसला. पहिला घास तोंडात गेला आणि तो थबकला. भिमाजीने तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि पोरासारखा गालात हसला.

"वैनीला दया आली वाटतं आज," तो हळूच म्हणाला. "कुनाला सांगू नगंस. वाढ आनखी."

सारजाबाईने वाढलं. मीठ तिने घातलं, आणि त्याचंही श्रेय वहिनीला! दौंडला ती जीव मारून अळणी खात होती, आणि हा मात्र चवीचा घास लागला की वहिनीचं नाव घेत होता. तिला सांगावंसं वाटलं, मी घातलंय, मी. पण ते कसं सांगणार? भिमाजीने भांडं पुसून खाल्लं. सोजराबाई घरी आली तेव्हा आमटी उरली नव्हती. तिने चटणीबरोबर भाकरी खाल्ली.

आणि संध्याकाळी सोजराबाई पाण्याला गेली तशी सारजाबाईने आमटीत पुन्हा मीठ टाकलं, आणि ती परतायच्या आत सगळी त्यालाच वाढून टाकली. आता ती का टाकत होती हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. वहिनीला खोटं पाडायला, की नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू पुन्हा बघायला?

भिमाजी रात्रभर पाणी मागत होता. पहाटे तो उठून बसला तो पडेनाच. आडवा झाला की श्वास कोंडायचा. छातीत घुरघुर, ओठ निळसर, पाय मांड्यांपर्यंत तट्ट. सोजराबाईने कंदील जवळ धरून एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग ती चुलीपाशी गेली, आमटीच्या भांड्याच्या कडेवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं. सारजाबाई बघत होती. सोजराबाईने भांडं खाली ठेवलं. टांगा आणायला धावली.

डॉक्टरांनी दंडात सुई दिली, आणि मग दुपारपर्यंत नुसती लघवी चालली होती. संध्याकाळी भिमाजी उशीला टेकून डुलकी घेऊ लागला. डॉक्टर वयस्क होते, चिडले होते. दोघींना बाहेरच्या बाकावर बसवून त्यांनी विचारलं, "मीठ कुणी दिलं?"

सोजराबाई म्हणाली, "माज्या हातनं पडलं, साहेब. आंधारात समजलं न्हाई."

सारजाबाईने तिच्याकडे झटकन पाहिलं. सोजराबाई समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"अहो बाई," डॉक्टर म्हणाले, "पाणी मिठाच्या मागं मागं जातं. तुम्ही मीठ खाल्लं की तहान लागते ना? अंगात मीठ थांबलं की ते पाण्यालाही धरून ठेवतं. धडधाकट माणूस जास्तीचं मीठ लघवीतून टाकून देतो. याचं काळीज अशक्त, ते जमत नाही. मग पाणी पायात उतरतं, आणि फार झालं की फुप्फुसात चढतं. आज पहाटे तसंच झालं." मग ते सारजाबाईकडे वळले. "आणि तुम्ही याची बायको ना? दौंडला दरवेळी हा का सुजतो, ते मला समजून घ्यायचंय. तुम्ही मीठ देत नाही म्हणता."

"कन बी न्हाई, साहेब. पोरींची शपथ. घरात मीठच न्हाई."

"मग काय काय देता ते सांगा. तोंडात जाईल ते सगळं."

सारजाबाई सांगत गेली. भाकरी, डाळ, मेथी, वांगं. दौंडला विहिरीचं पाणी जड, डाळ शिजता शिजत नाही, म्हणून सगळ्या बायका टाकतात तसा डाळीत खायचा सोडा. आणि भिमाजीचं पोट फुगायचं म्हणून जेवणावर लिंबाच्या पाण्यात पुन्हा चमचाभर सोडा.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "सोडा म्हणजे मिठाचाच भाऊबंद. पाण्याला धरून ठेवणारा जो क्षार मिठात असतो, तोच त्याच्यात. खारट लागत नाही, एवढाच फरक. तुम्ही एका दारानं त्याला हाकललात आणि दुसऱ्या दारानं घरात घेतलात." मग सोजराबाईकडे बघून ते म्हणाले, "मी तर पहिल्याच वेळी सांगितलं होतं तुम्हाला. मीठ, लोणचं, पापड, सोडा. घरी सांगा म्हणालो होतो."

त्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि कोणीच कोणाकडे पाहत नव्हतं.

भिमाजीला दवाखान्यात ठेवून घेतलं. सूज झपाट्याने उतरली, पण दुसऱ्याच दिवशी नवं निघालं. पोटऱ्यांत गोळे यायला लागले, पाय लुळे पडल्यासारखे झाले, नाडी चुकत चुकत चालू लागली. सारजाबाईला वाटलं, आता संपलं. डॉक्टर म्हणाले, "औषधानं पाणी काढलं, पण पाण्याबरोबर अंगातला दुसरा एक क्षार वाहून गेला. त्याला पोटॅशियम म्हणतात. एक जास्त झाला तरी वाईट, दुसरा कमी पडला तरी वाईट. आज मी ते औषध देतो. उद्यापासून केळी द्या, शहाळं मिळालं तर बघा, डाळीचं वरचं पाणी द्या." शहाळं शिरूरला कुठून मिळायचं? केळी मिळाली. सारजाबाई केळं सोलून, चुरून त्याला भरवू लागली. दोन-तीन दिवसांत पोटऱ्या सैल झाल्या.

त्या दिवसांत एकदा दोघी घोडनदीवर त्याचे कपडे धुवायला गेल्या. नदी आटत आली होती, डोहापाशी तेवढं पाणी होतं. सोजराबाईने सदरा खडकावर आपटला आणि मान वर न करता म्हणाली, "मीठ तू घातलंस."

"व्हय," सारजाबाई म्हणाली. खोटं बोलायचं बळच तिच्यात उरलं नव्हतं. मग तिने विचारलं, "आन् सोड्याचं तुमाला ठावं व्हतं. तुमी आला व्हता तवा माज्या चुलीपाशी बसून बघितलंय तुमी. डाक्टरनं सांगितलं व्हतं तरी तुमी बोलला न्हाई, आक्का."

"न्हाई बोलले."

"का?"

सोजराबाईने सदरा पिळला. पिळताना तिच्या हाताच्या शिरा ताठ झाल्या. "पैल्यांदा इसरले. खरंच इसरले. मग दुसऱ्या बारीला त्यो सुजून आला तवा ध्यानात आलं. म्हनलं, आता सांगते." तिने सदरा झटकला. "सांगितलं आसतं तर परत आला नसता ग त्यो. घर खायला उठतं मला. शाळा सुटली की दार उघडायचं आन् आत कुनी न्हाई. त्यो येतो, वैनी वैनी करतो... म्हनलं, महिनाभर ऱ्हाऊ दे. हितं तर बरा हुतोय. मरत न्हाई न्हवं."

"मरत व्हता," सारजाबाई म्हणाली.

"तुज्या मिठानं."

"आन् तुमच्या गप बसण्यानं?"

पलीकडे कोणी गुरं पाण्यावर आणली होती. दोघी तेवढ्यापुरत्या कपडे आपटू लागल्या. सारजाबाईला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटत होत्या. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की या बाईच्या पोटात जे जळतं तेच आपल्याही पोटात जळतं. कोणाचं जास्त जुनं, एवढाच काय तो फरक. आपल्या आधी तो तिचा होता. हे मान्य करणं तिला दौंडच्या पाण्यापेक्षाही जड गेलं.

"तुमी डाक्टरपुढं नाव का घेतलं न्हाई माजं?" तिने विचारलं.

"भिमा आतच व्हता, ऐकलं आसतं त्यानं," सोजराबाई म्हणाली. "त्याला कशाला कळू द्यायचं? त्याला दोघी बी लागत्यात."

भिमाजीला कोणी काही सांगितलं नाही. तो बरा होऊन दौंडला आला. साहेबांनी त्याला रुळांवरून काढून केबिनमध्ये हलकं काम दिलं. सारजाबाईने सोड्याची पुडी उकिरड्यावर फेकली. डाळ ती सकाळीच भिजत घालायची आणि तिच्यासाठी लांबच्या गोड्या विहिरीवरून हंडाभर पाणी डोक्यावर आणायची. आमटीला चव यावी म्हणून तिने चिंच घालून पाहिली, कढीपत्ता, तीळ, ओली हळद घालून पाहिली. सूज आली नाही. लघवीची गोळी असायची त्या दिवशी ती त्याच्या ताटात केळं ठेवायला विसरायची नाही.

आता वस्तीतल्या बाया म्हणायला लागल्या, "सारजानं नवरा वढून आनला." तिला वाटलं होतं, हे ऐकून काळीज थंड होईल. झालं नाही. कोणी तसं म्हटलं की डोळ्यांपुढे शाळा सुटल्यावर कुलूप काढणारी सोजराबाई यायची, आणि सारजाबाईला तिची कीव येण्याआधी रागच यायचा, की ही माझं सुखही मला सुखाने खाऊ देत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिने भिमाजीला आपणहून आठवडाभर शिरूरला पाठवलं. पाठवताना जीव वर-खाली झाला, पण पाठवलं. तो ठणठणीत परत आला. हातपाय धुऊन चुलीपाशी पाटावर बसला, पण बोलेना. सारजाबाईने विचारलं तेव्हा म्हणाला, "वैनी थकली ग. घंटा देताना दम लागतो तिला. चूल फुकताना बसकन मारती. मी म्हनलं चल दौंडला, तर म्हनती, सारजाला इचार आदी."

सारजाबाई तव्यावरची भाकरी उलटत होती. तिच्या मनात पहिलं आलं ते असं: आता हे घरातही दोघींचं होणार. ती उठता-बसता त्याच्याकडे बघणार, तो वैनी वैनी करणार, कैरी अजून जरा भाजायची होती म्हणणार. मग तिला वाटलं, त्या पहाटे सोजराबाईने आमटीचं बोट चाखलं होतं. तेव्हाच ती काय वाट्टेल ते बोलू शकली असती.

भाकरी फुगली. तिने ती फडक्याने दाबली आणि ताटात टाकली.

"आना की मग," ती म्हणाली. "माझी ना न्हाई. पर आमटी मीच करनार, हे आताच सांगून ठेवा त्यांना."